निळा धूर आणि जुनी मोटार

शेवगांवाहून एका भगिनीचें पत्र आलें आहे. त्यांच्या कैलासवासी श्वशुरांनीं घेतलेली प्रीमिअर पद्मिनी मोटार घरीं आहे. सासूबाईंना डोळ्यांच्या उपचारासाठीं महिन्या-दीड महिन्यानें नगरास न्यावें लागतें, त्या कामीं ती अद्याप उपयोगीं पडते. परंतु गेल्या वर्षापासून ती निळसर धूर सोडूं लागली असून दर फेरीस पाव लिटर तरी तेल वर घालावें लागतें. एका मिस्त्रीनें गाडी नुसती पाहूनच ‘बोर गेला, इंजिन खोलावें लागेल’ असा निकाल दिला. घरांतील तरुण मंडळींचें मत मोटार भंगारांत द्यावी असें आहे. आणि सासूबाई त्या विषयावर बोलावयासच तयार नाहींत. ‘खर्च करावयाचा तर तो कशावर करीत आहों हें आम्हांस कळावें, एवढेंच मागणें आहे,’ असें त्या लिहितात.

मागणें अगदीं रास्त आहे. मोटारीच्या धुरासंबंधीं आपल्याकडे जो व्यवहार चालतो तो पुष्कळदां ‘रोग रेड्याला आणि औषध पखालीला’ या मासल्याचा असतो. निळा धूर निघतो त्या अर्थीं इंजिनांत तेल जळत आहे, एवढेंच त्यावरून सिद्ध होतें. तें तेल कोणत्या वाटेनें आंत शिरलें हें धुराच्या रंगावरून कळत नाहीं. वाटा तीन-चार आहेत. त्यांपैकीं एकीच्या बंदोबस्तास अर्धा दिवस व थोडे पैसे लागतात, तर दुसरीसाठीं सबंध इंजिन उतरवून उलगडावें लागतें. तेव्हां निदान आधीं आणि हत्यारें मागाहून, हा क्रम सोडण्याचें कांहीं कारण नाहीं. शिवाय या निदानाचा बराचसा भाग घरच्या माणसांस, एकही नट न फिरवितां, करतां येतो.

प्रथम गाडीविषयीं दोन शब्द. वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं स्थापन केलेल्या प्रीमिअर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यांत ही मोटार तयार होई. मूळ नमुना इटलीच्या फियाट कंपनीचा. तो १९६४ मध्यें ‘फियाट ११०० डिलाइट’ म्हणून येथें आला, १९७२ त ‘प्रीमिअर प्रेसिडेंट’ झाला आणि १९७४ पासून ‘पद्मिनी’ हें नांव त्याला चिकटलें. उत्पादन थांबून आतां सुमारें दोन तपें उलटलीं. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सीही ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस रस्त्यावरून गेल्या. तथापि तिचें १०८९ घन सेंटिमीटरचें, चार सिलिंडरांचें इंजिन इतकें साधें आहे कीं, त्याचा स्वभाव समजून घेण्यास यंत्रशास्त्राची पदवी लागत नाहीं. येथें जें लिहिलें आहे तें जुन्या जीपला, किंबहुना कोणत्याही जुन्या पेट्रोल मोटारीला, थोड्या फरकानें लागू पडेल.

सिलिंडर म्हणजे पंचपात्रासारखें एक उभें गोल भांडें व पिस्टन म्हणजे त्यांत खालींवर होणारा दट्ट्या, असें समजावें. दट्ट्या व भिंत यांमध्यें किंचित् फट ठेवावीच लागते. ती राखण्यासाठीं पिस्टनच्या खांचांत रिंगा बसवितात. वरच्या रिंगा जळत्या वायूचा दाब अडवितात, खालची रिंग भिंतीवर उडालेलें तेल निपटून परत खालीं लोटते. रिंगा किंवा भिंत झिजली कीं तेल खालून वर चढतें. ही झाली पहिली वाट. दुसरी वाट वरून आहे. सिलिंडरांच्या माथ्यावर, ज्याला हेड म्हणतात त्यांत, वायू आंत घेणारे व बाहेर सोडणारे व्हॉल्व्ह असतात. त्यांचे दांडे गाईड नांवाच्या नळ्यांतून सरकतात आणि त्यांच्या वर तेलाचा शिडकावा सारखा चालू असतो. गाईड झिजले, किंवा जेथें दांड्यावर रबरी सील असतें तेथें तें उष्णतेनें टणक झालें, कीं हें तेल दांड्यावरून ओघळून आंत उतरतें. तिसरी वाट ब्रीदरची. इंजिनाच्या पोटांत सांचणारी वाफ बाहेर काढून देणारी ही नळी काजळीनें तुंबली म्हणजे आंतला दाब वाढतो आणि तेल मिळेल त्या फटींतून वाट काढूं लागतें. पहिल्या वाटेची भीति सर्वांत मोठी, म्हणूनच बहुधा सर्वांच्या तोंडीं तिचेंच नांव आधीं येतें.

आतां धुराचा रंग. काळा धूर असेल तर तेलाचा संबंध नाहीं. पेट्रोल जास्त जळत आहे, कार्ब्युरेटरचा चोक अडकला असेल किंवा हवेची जाळी भरली असेल. पांढरा, दाट व गाडी तापल्यावरही न थांबणारा धूर असेल तर इंजिनांत पाणी शिरत आहे. रेडिएटरचें पाणी कमी होतें कीं काय तें पाहावें, आणि तसें असेल तर गाडी चालवूं नये. थंडीच्या सकाळीं दोन-चार मिनिटें दिसणारी पांढरी वाफ मात्र निरुपद्रवी आहे. निळसर, जळक्या तेलाचा उग्र वास असलेला धूर हाच आपला विषय.

परंतु धूर निळा असला तरी कमी झालेलें सगळें तेल जळूनच गेलें असें गृहीत धरूं नये. रात्रीं गाडी उभी करतांना इंजिनाखालीं जुन्या वर्तमानपत्रांचे चार ताव पसरून ठेवावेत व सकाळीं डाग पाहावेत. गाडी चालून आल्यावर लगेच पसरलेला ताव अधिक बोलका असतो, कारण कित्येक गळती तेल तापून पातळ झाल्यावरच सुरू होतात. झांकणाखालचें गॅस्केट, चेंबरचा नट, मागील सील, यांतून थेंबथेंब जाणारें तेल महिन्याच्या हिशेबांत मोठें दिसतें. गॅस्केटच्या किंमतींत निकाल लागत असेल तर इंजिन खोलण्याची घाई कशाला?

यानंतर मोजणी. ही आम्हांस सर्वांत महत्त्वाची वाटते आणि हीच लोक टाळतात. गाडी सपाट जागीं उभी असतां, सकाळीं, सुरू करण्यापूर्वीं, तेलाची पट्टी पुसून पुन्हां बुडवावी; पातळी वरच्या खुणेपर्यंत आणून मीटरचा आंकडा वहींत लिहावा. पुढें घातलेलें प्रत्येक माप व त्या वेळचा आंकडा लिहीत जावें. हजार किलोमीटर झाल्यावर जी बेरीज येईल तिच्यावर बोलावें. कित्येक मोटारींच्या माहितीपुस्तकांत हजार किलोमीटरला अर्धा ते एक लिटर तेल जाणें ही चालण्याजोगी गोष्ट मानलेली आढळते. हें ऐकून पुष्कळांस नवल वाटतें. म्हणून एक लहानसा हिशेब करून पाहूं. ताशीं साठ किलोमीटर वेगानें हजार किलोमीटर जाण्यास हजार मिनिटें लागतात. मिनिटास तीन हजार फेरे धरले तर तीस लाख फेरे होतात. चार सिलिंडरांच्या इंजिनांत दर फेऱ्यास दोन स्फोट, म्हणजे एकूण साठ लाख. एक लिटर तेल म्हणजे दहा लाख घन मिलिमीटर. तें साठ लाख स्फोटांत वांटलें तर दर स्फोटाच्या वांट्यास एक घन मिलिमीटराचा सहावा हिस्सा येतो. तेलाचा मोहरीच्या दाण्याहूनही लहान असा हा कण अडवून धरणें हें रिंगांचें व गाईडांचें काम. चाळीस वर्षें चाललेल्या यंत्रानें त्यांत थोडी ढिलाई केली तर तें लगेच मरणोन्मुख झालें असें होत नाहीं.

मोजणीच्या ओघांतच कांहीं सोपीं कारणें निकालांत निघतात. तेल कमी होईल या धास्तीनें तें वरच्या खुणेच्या पुष्कळ वर भरून ठेवणारे गृहस्थ आम्हीं पाहिले आहेत. अशा वेळीं फिरता दांडा तेलांतच घुसळण करतो, फेस व तुषार उडतात आणि जास्तीचें तेल धूर होऊन जातें. तेल फार पातळ जातीचें घातलें असेल, किंवा दोन वर्षें बदललेंच नसेल, तरी हाच परिणाम. आणखी एक गोष्ट: तेलाची पातळी घटण्याऐवजीं वाढलेली दिसली, पट्टीला पेट्रोलचा वास आला, तर आनंद मानूं नये. पेट्रोलपंपाचा पडदा फाटून पेट्रोल तेलांत उतरत असण्याचा संभव आहे. असें तेल पाण्यासारखें पातळ होऊन आंतील बेअरिंगांचा नाश करतें. पंप आधीं बदलावा, तेल संपूर्ण काढून नवें भरावें, आणि मगच धुराचा विचार करावा.

एवढें करूनही धूर राहिला, तर तो *केव्हां* निघतो हें पाहावयाचें. निदानाची खरी किल्ली येथें आहे.

रात्रभर उभी असलेली गाडी सकाळीं सुरू करतांच निळा झोत येऊन मिनिटा-दोन मिनिटांत विरळ होत असेल, तर संशय व्हॉल्व्हच्या गाईडांवर व सीलांवर घ्यावा. रात्रीं ओघळून व्हॉल्व्हच्या डोक्यावर सांचलेलें तेल पहिल्या फेऱ्यांतच जळून जातें. आमच्या पत्रलेखिकेनें सहज म्हणून एक वाक्य लिहिलें आहे: ‘सकाळीं अंगण भरून धूर होतो, पण तिसगांव येईपर्यंत फारसा दिसत नाहीं.’ या एका वाक्याचें वजन मिस्त्रीच्या निकालापेक्षां आम्हांस अधिक वाटतें. दुसरी खूण अशी: गाडी जागच्या जागीं पांच मिनिटें सुरू ठेवून एकदम पाय दाबावा. झोत आला तर पुन्हां गाईडच. हा प्रयोग मोकळ्या जागींच करावा. बंद पडवींत किंवा गॅरेजांत मोटार चालू ठेवणें जिवावर बेतणारें आहे, कारण धुरांतील कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास.

तिसऱ्या कसोटीसाठीं शेवगांवकरांस दूर जावयास नको. नगरच्या वाटेवर करंजीचा घाट आहेच. वाहनांची कसोटी घेणारी संरक्षणखात्याची संशोधनसंस्था नगराजवळ आहे, तिच्याकडे यंत्रसामग्री विपुल. पण आपल्या कामापुरतें घाटानें भागतें. गाडी पुरती तापलेली असावी व मागून दुसऱ्या वाहनांतून एका माणसानें लक्ष ठेवावें. चढावर इंजिनावर जोर असतांना सतत निळी रेघ मागें राहत असेल तर तेल रिंगांवरून येत आहे, असें समजण्यास जागा आहे, कारण जोराच्या वेळीं सिलिंडरांतील उष्णता व दाब सर्वाधिक असतात आणि झिजलेल्या रिंगांचा दोष तेव्हां लपत नाहीं. उतारावर याच्या उलट स्थिति असते. गाडी गिअरमध्यें ठेवून पाय सोडला म्हणजे चाकेंच इंजिनास फिरवितात, हवेची वाट मात्र बंद. त्यामुळें इंजिन आंतून हवा ओढूं पाहतें व गाईडांच्या फटींतून तेल शोषलें जातें. उतार संपून पुन्हां पाय दाबतांच हें सांचलेलें तेल एकदम जळतें व मागें मोठा निळा ढग उठतो. चढावर धूर नाहीं आणि उताराच्या पायथ्याशीं ढग, हें चिन्ह गाईडांचें. दोन्हीकडे धूर असेल तर दोन्हीं दोष असूं शकतात. उताराच्या वेळीं झिजलेल्या रिंगांवरूनही थोडें तेल वर येतें, हें ध्यानांत ठेवावें. उतारावर इंजिन बंद करून गाडी सोडण्याची जी वाईट खोड आहे ती या प्रयोगांत तर मुळींच नको.

महाराष्ट्रांत राज्य परिवहनाची पहिली मोटार १ जून १९४८ रोजीं याच नगराहून पुण्यास निघाली. तेव्हांपासून या जिल्ह्यांतील मोटारींनीं जो शत्रु सर्वांत अधिक सोसला तो म्हणजे फुफाटा. शेवगांव-पाथर्डीकडे पाऊस कमी, उन्हाळा लांब. उसाच्या हंगामांत गाड्यांच्या रांगांनीं कडेची माती पिठासारखी होते. या धुळींत गारेचे कण असतात. हवेची जाळी फाटलेली असेल, तिच्या कडेचें रबर बसत नसेल, तर हे कण थेट सिलिंडरांत जातात, तेलाशीं मिसळतात आणि रिंगा व भिंत यांच्यामध्यें सहाणेवर घासावें तसें घासूं लागतात. वर्षानुवर्षांच्या चालण्यानें जितकी झीज होत नाहीं तितकी अशा एखाद्या हंगामांत होऊं शकते. जुन्या जीपला तेलांत भिजलेली जाळी असते; तिच्या वाटीतलें तेल कोणी बदलतच नाहींत, तळाशीं चिखल होऊन बसतो. रिंगा नव्या बसवून जाळी जुनी ठेवणाऱ्यास वर्षानें पुन्हां त्याच दारीं यावें लागतें.

एवढ्या निरीक्षणानंतर मिस्त्रीकडे जावें, आणि त्याला एक प्रश्न करावा: कॉम्प्रेशन मोजलें काय? गरम इंजिनाचे चारी प्लग काढून, ठिणगीची तार सोडवून, पाय पूर्ण दाबून स्टार्टरनें इंजिन फिरवितात व प्रत्येक सिलिंडराचा दाब मापकावर पाहतात. चारी आंकडे जवळजवळ सारखे असावेत. एखादा इतरांहून दहा टक्क्यांपेक्षां अधिक खालीं असेल तर तेथें दोष शोधावा. त्या सिलिंडरांत एक-दोन चमचे तेल घालून पुन्हां मोजावें. आंकडा चांगलाच वर आला तर तेलानें रिंगांची फट तात्पुरती भरली, अर्थात् दोष रिंगांत किंवा बोरमध्यें. फारसा हलला नाहीं तर दोष व्हॉल्व्हच्या बैठकींत किंवा गॅस्केटांत. काढलेले प्लग क्रमानें मांडून पाहावेत. एकच प्लग ओला, काळा व तेलकट असेल तर आजार एका सिलिंडराचा आहे. येथें एक सावधगिरी मिस्त्री लोकही विसरतात: हा मापक वरच्या रिंगांची परीक्षा घेतो, तेल निपटणाऱ्या खालच्या रिंगेची नव्हे. ती काजळीनें खांचेंत अडकून बसली असेल तर दाब उत्तम दिसून तेल मात्र जात राहतें. वर्ष-वर्ष उभ्या राहिलेल्या गाड्यांत हें विशेष आढळतें. अशा वेळीं ताजें तेल घालून दोन-तीन लांबच्या फेऱ्या केल्या तर रिंग कधीं कधीं सुटते; निदान तो प्रयोग स्वस्त आहे.

तेल घट्ट करणारीं, धूर थांबविणारीं म्हणून जीं डब्यांतलीं औषधें बाजारांत मिळतात त्यांवर आमचा भरंवसा नाहीं. गाडी विकणाऱ्यास तीं सोईचीं, ठेवणाऱ्यास नव्हेत.

दोष गाईडांचा ठरला तर हेड उतरवून गाईड व जरूर तेथें सील बदलावें. कित्येक इंजिनांत नुसतीं सीलें हेड न उतरवितांही बदलतां येतात. मात्र रिंगा अगदींच थकलेल्या असतां केवळ वरचें काम केलें तर कधीं कधीं धूर वाढतो. व्हॉल्व्ह घट्ट बसूं लागल्यानें ओढ वाढते व खालचें तेल अधिक वर येतें. म्हणून हेड उतरल्यावर बोर मोजून घेतल्याशिवाय तें परत चढवूं देऊं नये. माप वर, मध्यें व खालीं आणि दोन दिशांनीं घ्यावें, कारण झीज वरच्या टोकाशीं, जेथें रिंग थबकून उलट फिरते व तेलाचा पदर पातळ असतो तेथें, सर्वांत जास्त होते. आंकडे कागदावर मागावेत. ‘बोर गेला’ हें वाक्य आंकड्याशिवाय स्वीकारूं नये.

प्रदूषण तपासणीच्या दाखल्यावरही विसंबूं नये. पेट्रोल गाडीची ती तपासणी जागच्या जागीं, संथ चालत्या इंजिनावर होते. उताराच्या पायथ्याशीं ढग सोडणारी गाडी तींत सहज उत्तीर्ण होऊं शकते. खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांनंतर पांच-पांच वर्षांनीं तपासणी करून वाढवितात, त्या वेळीं मात्र धुराची लाज वाटण्याजोगी गाडी घेऊन जाणें बरें नव्हे.

आतां शेवगांवच्या घरापुरता हिशेब. नगरची फेरी जाऊन-येऊन सवाशें-दीडशें किलोमीटरची. वर्षांतून आठ-दहा फेऱ्या व गांवांतील फिरणें मिळून दीड हजार किलोमीटर धरूं. फेरीस पाव लिटर म्हणजे पांचशें किलोमीटरला सुमारें एक लिटर. माहितीपुस्तकांतील मर्यादेच्या हें बाहेरच आहे, परंतु वर्षाचें तेल भरतें तीन लिटर. केवळ तेल वांचविण्यासाठीं इंजिन बांधावयाचें म्हटलें तर तो खर्च कित्येक वर्षांत भरून निघणार नाहीं. प्लग वरचेवर तेलकट होऊन गाडी वाटेंत अडूं लागली, चढावर जोर राहिला नाहीं, किंवा बोरचें माप खरोखर बाहेर गेलें, तर इंजिन बांधण्याचा विचार करावा. आणि मागच्यांच्या डोळ्यांत धूर जातो हेंही कारण कमी नाहीं. पण सकाळच्या झोताचें तें वाक्य खरें असेल तर आमच्या मतें हेडचें काम आधीं, इंजिन उतरविणें मागाहून, आणि भंगाराची गोष्ट तूर्त नकोच. सासूबाईंचें मौन याबाबतींत शहाणपणाचें ठरण्याचा संभव आहे. तोंवर दर फेरीपूर्वीं पट्टी पाहिल्यावांचून गाडी हलवूं नये, आणि डिकींत तेलाचा एक डबा असावा. कमी तेलावर घाट चढविला तर बेअरिंगें जातात.

काम करून घेतलें तर पहिले पांचशें-हजार किलोमीटर गाडी एकाच वेगानें रेटूं नये, जड ओझें घालूं नये, आणि नंतर तेल व फिल्टर दोन्हीं बदलावेत, कारण नव्या भागांच्या घासण्यानें निघालेला धातूचा कीस त्या तेलांत उतरलेला असतो. वही मात्र पुढेंही चालू ठेवावी. वर्षानें तिच्यांतील आंकडे आम्हांस कळविले तर याच सदरांत त्यांचा विचार करूं.